तुंगारेश्वराच्या वाटेवरची गुळवेल

श्रावणात तुंगारेश्वरास जावे, परंतु सोमवारी जाऊ नये, असे आमचे मत अनेक वर्षांच्या अनुभवाने बनले आहे. सोमवारी देव दिसत नाही, पुढच्या माणसांच्या पाठी दिसतात. म्हणून गेल्या श्रावणात आम्ही मुद्दाम बुधवार धरला. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस रिक्षा केली. सातिवलीकडचे कारखान्यांचे गाळे मागे पडले आणि अहमदाबादच्या हमरस्त्यावरील तुंगारेश्वर फाट्यावर आम्ही उतरलो. येथून देवळापर्यंत तीन-चार किलोमीटरची वाट आहे. हमरस्त्यावरील मालमोटारींचा गडगडाट पाठीमागे ऐकू येत असतानाच समोर डोंगर हिरव्या भिंतीसारखा उभा राहतो. वनखात्याची चौकी ओलांडली आणि पहिला ओढा लागला म्हणजे तो गडगडाट पाण्याच्या आवाजात बुडून जातो. इतक्या थोड्या अंतरात इतका पालट आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिला असेल.

देवदर्शन हा या खेपेचा खरा हेतू नव्हता, हे आधीच कबूल केलेले बरे. आमच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेला, वाळून करड्या रंगाचा झालेला वीतभर लांबीचा वेलीचा तुकडा होता. तो एका बाईस दाखवावयाचा होता आणि तिच्या तोंडून एक उत्तर ऐकावयाचे होते. कोणते उत्तर मिळावे अशी आमची इच्छा होती, हे पुढे ओघाने येईलच.

आमचे घर वसई गावात, पारनाक्यापासून फार दूर नाही. मागे थोडी वाडी आहे. पूर्वी सर्वांच्या असत तशी केळी, नारळी, पानवेलीचा एक मांडव आणि कोपऱ्यात बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की बावखल म्हणजे वाडीत खणलेले लहानसे तळे. पावसाचे गोडे पाणी त्यात मुरते आणि खाऱ्या खाडीच्या शेजारीही विहिरी गोड राहतात. त्या बावखलाच्या काठी कडूनिंबाचे जुने झाड आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली आहे. कडूनिंबावरची गुळवेल उत्तम, असे आमच्या आजीचे म्हणणे असे. ती म्हणे आणि आम्ही मानीत असू. घरात शंकर दाजीशास्त्री पदे यांचे ‘आर्यभिषक्’ होते. त्याची पाने हळदीच्या बोटांनी पिवळी झाली होती. त्या काळी कित्येक घरांत पंचांगाच्या शेजारी ते असे. परंतु आजीने ते उघडून पाहिल्याचे आम्हांस आठवत नाही. तिचे वाचन माणसाच्या जिभेवर, डोळ्यांत आणि पोटावर चाले. ताप रेंगाळला की ती वेलीचा बोटभर तुकडा आणवी, वरची पापुद्र्यासारखी साल खरवडून टाकी, ठेचून चौपट पाण्यात उकळी आणि चौथा हिस्सा राहिला की गाळून देई. तीन दिवस, फार तर पाच. ताप उतरला की भांडे घासून फळीवर जाई. ते फळीवर जाणे हाही औषधाचाच भाग होता, हे कळावयास आम्हांस साठी उलटावी लागली.

या वेलीस आपल्या शास्त्रांनी जितकी गोड नावे दिली आहेत तितकी क्वचितच कोणाच्या वाट्यास आली असतील. गुडूची, अमृता, छिन्नरुहा. भावप्रकाशात तिच्या जन्माची कथा आहे. रावणवधानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडले. त्यांच्या अंगावरून जे थेंब भूमीवर पडले त्यांतून गुडूची उगवली. ‘छिन्नरुहा’ हे नाव मात्र कथेचे नव्हे, निरीक्षणाचे आहे. कापली तरी वाढणारी, असा त्याचा अर्थ. बुंध्याशी तोडलेली वेल झाडावर लोंबत राहते, वाळत नाही, उलट वरून सुतळीसारखी मुळे खाली सोडते आणि ती जमिनीस टेकली की पुनः उभी राहते. असल्या वेलीवर माणसाचा विश्वास न बसेल तरच नवल.

२०२० सालच्या मार्चमध्ये सगळे घरात कोंडले गेले. लोकल बंद, बाजार तासाभराचा, आणि सायंकाळी दूरदर्शनवर रुग्णांचे आकडे. त्या दिवसांत औषध नव्हते, लस नव्हती. होता तो सल्ला, आणि तो मात्र मुबलक होता. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द तोवर शाळेच्या पुस्तकात असे, तो चहाच्या कपाइतका घरगुती झाला. विरारच्या मावशींकडून, पुण्याच्या आतेभावाकडून, अमेरिकेतील भाच्याकडून भ्रमणध्वनीवर एकाच दिवशी एकच कृती येई: गुळवेल, तुळस, दालचिनी, सुंठ. आमच्या घरात तर वेल परसातच होती. अभिमान वाटला. शेजारीपाजारी मागू लागले तेव्हा तो अधिकच वाढला. दर रविवारी कोयता घेऊन आम्हीच वेल कापीत होतो, सात दिवसांचे तुकडे करून ओट्यावर ठेवीत होतो. काढा करण्याचे काम थोरल्या वहिनींकडे होते. घरात सहा माणसे. मुले दोन दिवसांत कंटाळली, कडू म्हणून. दादांनी आठवडाभर घेतला. आम्ही महिनाभर घेतला आणि मग चहाकडे परतलो. वहिनींनी मात्र घेतलेले व्रत सोडले नाही. सकाळी अनशापोटी एक कप, आणि आमच्यापैकी कोणी टाकलेला उरला तर तोही. टाकावयाचा कशाला, अमृत ते! असे तीन महिने चालले.

जूनच्या अखेरीस त्यांस अन्नाची शिसारी येऊ लागली. पावसाळा, घरकाम, वय, अशी कारणे आम्ही शोधली. मग अंगास खाज सुटली, लघवी चहाच्या रंगाची झाली आणि एके सकाळी खिडकीशी उभ्या असता त्यांच्या डोळ्यांचे पांढरे हळदीसारखे दिसले. कावीळ! शेजारच्या आजींनी तत्काळ सांगितले, की काविळीवर गुळवेलीसारखे औषध नाही. आम्ही वेल कापावयास निघालोही होतो. दादांनी अडविले, का अडविले ते त्यांस आजही सांगता येत नाही.

डॉक्टरांनी विचारले, “काही औषधे चालू आहेत का?” वहिनी म्हणाल्या, “थायरॉइडची गोळी, बाकी काही नाही.” रक्त तपासले. संसर्गाने होणाऱ्या काविळीचे सर्व प्रकार पाहून झाले, एकही नव्हता. पुनः विचारले, “आणखी काही घेता?” पुनः “नाही.” वहिनी खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हेत. काढा हे औषध आहे असे त्यांस वाटतच नव्हते, आम्हांसही वाटत नव्हते. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी प्रश्न बदलला. “घरचे काही? काढा, रस, चूर्ण?” तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिले. ती नजर आम्ही विसरलेलो नाही.

मुंबईस नेऊन यकृताचा सुईएवढा कण काढून तपासला. निदान झाले ते असे, की शरीराची जी संरक्षणव्यवस्था परक्या जंतूंशी लढावयाची, तीच स्वतःच्या यकृतावर उलटली होती. थायरॉइडचा विकार कित्येक वेळा याच जातीचा असतो. वहिनींचा तसाच निघाला. अशा प्रकृतीच्या माणसास तीच व्यवस्था चेतविणारे द्रव्य रोज दिले, तर निजलेला कुत्रा जागा करून घरच्यांवर सोडल्यासारखे होते, असे तेथील डॉक्टरांनी आम्हांस समजेल अशा भाषेत सांगितले. काढा बंद झाला, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. कावीळ उतरावयास दोन महिने लागले. त्या बऱ्या झाल्या, परंतु एक गोळी कायमची मागे लागली. यकृताचा तो विकार आधीपासूनच दबा धरून होता की वेलीनेच तो जन्मास घातला, हे निश्चित सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते ‘सांगता येणार नाही’ आमच्या उशाशी पुष्कळ रात्री बसून होते.

पुढे २०२१ साली मुंबईच्या यकृतरोगतज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात असे सहा रुग्ण नोंदविले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत आलेले, सर्वांनी गुळवेल घेतलेली. दादांनी ते वृत्त वर्तमानपत्रात वाचले आणि काही न बोलता आमच्यापुढे ठेवले. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नीट ओळखली गेलेली नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, त्यांतील एखादी असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. गुळवेलीच्या जातभाई आहेत. एकीच्या खोडावर मोठ्या गाठी असतात. ती मुख्यतः पूर्वेकडच्या प्रदेशातली. दुसरी आपल्या कोकणातही आढळते, तिच्या पानाची खालची बाजू मखमलीसारखी लवदार असते. २०२२ साली मग देशातील १३ रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांकडून मिळालेल्या वनस्पतीच्या नमुन्यांचीही तपासणी केली होती, आणि निष्कर्ष पुनः तोच निघाला, की ही वेल काहींच्या बाबतीत यकृताचा असा दाह उत्पन्न करते किंवा लपलेला उघड करते. वाद तेवढ्याने मिटला असे नव्हे. आयुर्वेदाचे अभ्यासक शतकानुशतकांचा अनुभव पुढे करतात, आणि तो अनुभव आमच्या आजीच्या रूपाने आम्हीही पाहिलेला आहे.

आम्ही मात्र त्या वादातून आमच्या सोयीचे तेवढे उचलले. आमची वेल गुळवेल नसेलच! आजीच्या वेळची मेली असेल आणि तिच्या जागी दुसरीच कोणी चढली असेल. तसे ठरले तर दोष आमच्या हाताचा राहत नाही, नजरचुकीचा ठरतो. मनुष्य स्वतःस निर्दोष ठरविण्यासाठी वनस्पतिशास्त्रही शिकू लागतो.

वहिनी हिंडूफिरू लागल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून सायंकाळी त्यांस घेऊन आम्ही किल्ल्यात जात असू. वसईचा किल्ला इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी घेतलेला, १८०२ साली बाजीरावाने तहाने नामुष्कीत बुडविलेला. परंतु तेथे उगवलेल्या झाडोऱ्याकडे आम्ही प्रथमच लक्ष देऊन पाहिले. पडक्या प्रार्थनामंदिरांच्या भिंतींत पिंपळ, वाटेच्या कडेस रुई, एरंड, धोत्रा. धोत्र्याची पांढरी फुले दिव्यासारखी वर उघडलेली. १५३४ साली हिंदुस्थानात आलेला गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य होऊन गेला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तेव्हा मुंबई वसईच्या अमलाखाली होती. त्याने येथील औषधींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. सारा ग्रंथ संवादाच्या रूपात आहे, एकजण विचारतो आणि दुसरा सांगतो. धोत्र्यावरही त्यात प्रकरण आहे. चोर अन्नातून धोत्रा घालून घरच्यांस भुलवीत आणि लुबाडीत, ते त्यात आले आहे. आम्हांस त्या ग्रंथाचे मोल वाटते ते या विचारण्यात. परका माणूस, परका देश. त्याने पाने तोडून नेली नाहीत, माणसांस प्रश्न विचारले. आम्ही स्वतःच्या परसात जन्म काढला आणि कोणासच काही विचारले नाही.

विचारावे असे कोणी उरले होते का? होते. दर वर्षी पहिला पाऊस पडला की तुंगारेश्वराच्या बाजूच्या पाड्यांतून वारली बायका वसईच्या बाजारात रानभाज्या घेऊन येतात. त्यांतील एका वृद्ध बाईकडून वहिनी वीस वर्षे शेवळे घेत आल्या आहेत. शेवळ ही सुरणाच्या गोताची भाजी. नुसती शिजविली तर घसा असा खाजतो, की जेवणाऱ्याने जेवण घालणाऱ्यास जन्मभर विसरू नये. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून ती बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची आंबट फळे मोजून देते, न मागता. एकदा एका नव्या गृहिणीने काकडे नकोत, त्यांचे पैसे कमी करा, असे म्हटले. बाईने जुडीच परत घेतली. “काकडाबिगर मी शेवळ द्यायची नाय.” हा प्रसंग वहिनी पुष्कळदा हसून सांगत. आजारानंतर त्यांनी तो एकदा सांगितला तेव्हा हसल्या नाहीत.

तेव्हा त्या बाईसच विचारावे असे ठरले. ज्येष्ठात भाजी घेताना आम्ही तिला गोष्ट सांगितली. तिने बाजारात उत्तर दिले नाही. वेल घेऊन ये, श्रावणात ये, देवळाच्या वाटेवर मी असते, एवढेच म्हणाली.

ती ओढ्याच्या कडेस काकड्या आणि भाजलेल्या शेंगा घेऊन बसली होती. गिऱ्हाईक नव्हते. टोपली सुनेच्या हवाली करून ती आमच्याबरोबर चालू लागली. हे रान २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे. येथील पानही तोडावयाचे नाही असा कायदा आहे, आणि तिने तो आम्हांस आमच्याहून अधिक कडक शब्दांत सांगितला. बघ, पण हात लावू नको. आम्ही तिच्या मागून बघत गेलो. आम्हांस जेथे नुसते हिरवे दिसे, तेथे तिला वस्ती दिसे. हा कुडा, हा त्याच्यासारखा दिसतो पण तो नव्हे. हा बिब्बा, याच्या तेलाने भेगा भरतात आणि याच्याच तेलाने कातडी जळते. ही भारंगी, हिची भाजी, पाणी काढून टाक.

मध्येच आम्हांस आमच्या लहानपणच्या पत्री आठवल्या. गणपतीस एकवीस पत्री लागतात. त्यांत रुई आहे, धोत्रा आहे, कण्हेर आहे, तिन्ही विषारी. आजी आम्हां मुलांस सकाळी वाडीत पिटाळी आणि आणलेले पान चुकले तर परत धाडी. धोत्र्यास हात लावला की आधी हात धुवावयास लावी. ही पूजा होती की वनस्पतींची शाळा, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. अलीकडे बाजारात पत्रींची बांधलेली जुडी मिळते. आम्ही एका वर्षी ती सोडून पाहिली. एकवीस पाने होती खरी, परंतु त्यांतील आठ एकाच झाडाची होती आणि ते झाड कोणते हे विकणाऱ्यास माहीत नव्हते. देवाने ती गोड मानून घेतली असतील. पोटाची गोष्ट वेगळी.

वाटेच्या एका वळणावर करवंदीच्या जाळीतून कळलावीची फुले वर आली होती. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी, पाकळ्या मागे वळलेल्या. श्रावणात तुंगारेश्वरी येणारा प्रत्येकजण तिचे छायाचित्र घेतो. बाई मात्र दोन पावले लांब उभी राहिली. तिच्या लहानपणी पाड्यात एक बाळंतीण अडली होती, दोन दिवस. कळलावीचा कंद बांधला की मूल सुटते अशी समजूत; संस्कृतातही ‘लांगली’ म्हणून या वेलीचे गुण गाईलेले आहेत. बांधून झाले नाही म्हणून कोणी तो उगाळून पाजला. मूल आले. आई पाचव्या दिवशी गेली, ओकून ओकून. “भगतानं कांदा ओळखला होता, दादा. चुकला नव्हता,” ती म्हणाली. आता पाड्यात कोणी अडली तर गाडी बोलावतात.

कळलावीच्या कंदात, बियांत, साऱ्या अंगात जे विष आहे त्यास कॉल्चिसिन म्हणतात. सांधे सुजविणाऱ्या एका वातविकारावर डॉक्टर तेच देतात, अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी. चिमटीत धरावयासही कठीण असे ते प्रमाण. कंद तोडून पाजणारा किती मिलिग्रॅम देतो हे त्याचा देवच जाणे. श्रीलंकेत तो कंद रताळ्यांसारखा वाटून माणसे खातात आणि दगावतात, हे तेथील वैद्यकीय नोंदींत आहे. रानातले सारे चांगले आणि दवाखान्यातले सारे वाईट असे मानणाऱ्या आमच्या शहरी मित्रांस आम्ही त्या बाईपुढे एकदा बसविणार आहो. तिला रानाविषयी असले प्रेम नाही. तिला रान माहीत आहे.

देवळाजवळच्या दगडावर आम्ही बसलो. रुमाल सोडला. तिने तुकडा घेतला, नखाने वरची साल सोलली, कागदासारखी सुटली. आतला भाग इतके दिवस वाळूनही फिक्कट हिरवा होता. मोडून टोक पाहिले. गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. जिभेस लावले, थुंकली. मग पानाविषयी विचारले. खालून लव होती का? नव्हती. खोडावर बोटाएवढ्या गाठी? नव्हत्या, बारीक फोड होते. धाग्यासारखी मुळे लोंबत होती? होती, हातहात लांब. आम्ही उत्तरे देत होतो आणि प्रत्येक उत्तराबरोबर आमची आशा थोडी थोडी उतरत होती.

“गुळवेलच हाय,” ती म्हणाली. “चांगली हाय.”

आम्ही काही बोललो नाही. ओढ्याचे पाणी वाहत होते. देवळातील घंटा कोणी लहान मुलाने पुनःपुनः वाजविली आणि त्याच्या आईने त्यास दटावले.

“किती दिस पाजली?” तिने विचारले.

“तीन महिने.”

ती आमच्याकडे बघतच राहिली. ऐकण्यात चूक झाली असे तिला वाटले असावे. “ताप किती दिस होता?”

“ताप नव्हता,” आम्ही म्हणालो.

“ताप नव्हता?”

“नाही. येऊ नये म्हणून दिली.”

“मग वेल कशाला पाजली?”

या प्रश्नास उत्तर नव्हते. सरकारच्या ऑक्टोबर २०२० च्या पत्रकातही गुडूची होती, परंतु तेथेही पंधरा दिवस ते महिना अशी मुदत घातलेली होती आणि वैद्याचा सल्ला सांगितला होता. हे आम्ही तिला सांगावयास लागलो आणि मध्येच थांबलो. ते पत्रक निघण्यापूर्वीच वहिनी आजारी पडल्या होत्या. आमची कृती कोणत्याही शास्त्राची नव्हती. आयुर्वेदाने रोग, प्रकृती, काळ, मात्रा यांचा इतका विचार केला आहे. आजीने त्यांतला तिच्यापुरता भाग हाताशी ठेवला होता. ही बाई काकडाविना शेवळ विकीत नाही. आम्ही सुशिक्षित, घरात दोन पदवीधर, आणि आम्ही फक्त वेलीचे नाव उचलले. बाकीचे सारे मागे ठेवले.

बाईने तुकडा परत रुमालात बांधून दिला. वहिनींस कसे आहे ते विचारले. गोळी चालू आहे म्हटल्यावर, ती सोडू देऊ नको, आमच्याकडे सोडतात आणि मग येतात, असे म्हणाली. पैसे घेतले नाहीत. काकड्यांचे मात्र घेतले, दोन रुपयेही कमी केले नाहीत.

उतरताना पाऊस आला. फाट्यावरच्या टपरीत चहा घेत उभे असता मनात आले, की हे वहिनींस सांगावयाचे कसे? वेल चुकीची होती असे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता. आमचा रविवारचा कोयता निर्दोष ठरला असता. खरे म्हणजे तेवढ्यासाठीच तर एवढ्या दूर आलो होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही सारे सांगितले, ‘मग वेल कशाला पाजली’ येथपर्यंत. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही कापून ठेवीत होता, पण उकळून पीत तर मीच होते ना? आणि तुम्ही सोडला तेव्हा मला हसूच आले होते, यांचे काही शेवटास जात नाही म्हणून.” आणि काकड्या कोशिंबिरीस चांगल्या आहेत असे म्हणून त्या उठल्या.

दादांनी ती वेल आजारपणातच बुंध्याशी तोडून टाकली होती. ती अर्थातच मेली नाही. कडूनिंबावरून तिने तीन मुळे खाली सोडली, त्यांतील एक बावखलाच्या काठी मातीत शिरली आणि या पावसाळ्यात तिची पाने ओसरीच्या पन्हळीपर्यंत आली आहेत. शेजारच्या घरातील मुलगी परवा वाटीभर मागावयास आली. तिच्या बाळास ताप होता. वहिनींनी तिला आत बसविले, ताप कधीपासून, किती, अंगावर पुरळ आहे का, असे सात-आठ प्रश्न विचारले आणि डॉक्टरांकडे पाठविले. वेल दिली नाही. मुलगी थोडी रागावून गेली.

वेल तोडावी की ठेवावी, हे आमच्या घरात अजून ठरलेले नाही.